उसवलेला खिसा

तुमची अंगठी हॉटेलच्या खोलीत सापडेनाशी झाली, तर तुमच्या मनात पहिला चेहरा कुणाचा येतो?

उत्तर मला कळवू नका. तो चेहरा फक्त लक्षात ठेवा. शेवटी लागेल.

मी वडगाव मावळची. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, नव्या दुकानांच्या जाहिराती ही त्यांची पोटाची छपाई. पत्रकं ही मनापासूनची. धरणाखाली गेलेल्या जमिनींचं पत्रक, बंगल्यांच्या तलावांना पाणी आणि गावाला टँकर यावरचं पत्रक, अंगात येणाऱ्या बुवावरचं पत्रक. मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकाआधी पत्रकांवर. शाळेतून आले की कागदाला दोन घड्या घालून थप्पी लावायची आणि बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभं राहून वाटायची. लोक घेत, चाळत आणि त्यातच भजी बांधून नेत. बाबा त्यावर चिडत नसत. म्हणत, तेल लागलं की अक्षर जास्त ठळक दिसतं.

बुवावरचं पत्रक निघालं की त्यासोबत प्रयोगही असत. बाबा आणि त्यांचे मित्र शाळेच्या पटांगणात, देवळासमोर उभे राहून रिकाम्या हातातून राख काढत, पाण्यानं काकडा पेटवत, नारळातून लाल चिंधी काढत. आणि लोकांनी हात जोडायच्या आत स्वतःचा हात उघडत. ही बघा राखेची गोळी, बोटांच्या बेचक्यात होती. हा बघा नारळाचा डोळा, इथून चिंधी सरकवली. हात उघडला की समोरचा माणूस कुणाचा भक्त राहत नाही, असं बाबांचं म्हणणं. आमच्या घरात जादूचा तेवढा एकच नियम होता.

मला मात्र राख आणि नारळ यांचा कंटाळा आला होता. बुवा नवीन युक्त्या शिकले होते, आम्ही जुन्याच उघडत होतो.

लोणावळ्याच्या बाजारात एक रद्दीवाला आहे. वलवणच्या बाजूला कुणाचा बंगला विकला गेला की त्यातली पुस्तकं, काचेचे प्याले, मोडक्या खुर्च्या त्याच्याकडे येतात. तिथं मला डीव्हीडींचा एक संच मिळाला. खोक्यावर दोन हात आणि एक नाणं. आत ओळीनं तबकड्या. टेबलाला बसलेल्या माणसाच्या नाकासमोर करायची जादू, पायरी पायरीनं. रद्दीवाल्यानं विचारलं, हे लावणार कशावर? खरं होतं. घरच्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नव्हती. शेवटी वडगावच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली बसणारा एक टायपिस्ट कामाला आला. बाबांचा जुना स्नेही. त्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक संगणक होता आणि तो अजून तबकडी ओढून घ्यायचा. काका पुढे प्रतिज्ञापत्रं बडवत आणि मी मागे कानात इअरफोनची बोंडं घालून जादू शिके. तारखेला आलेले पक्षकार माझ्या खांद्यावरून डोकावत. वाटणीच्या दाव्यात भावाशी बोलणं तोडलेला एक म्हातारा म्हणाला होता, आमच्या वकिलानं बी हेच केलंय, फक्त तो नाणं परत आणत न्हाई.

व्हिडिओतला शिक्षक पांढऱ्या केसांचा, करड्या कोटातला, परदेशी. आवाज एकदम मऊ. त्यानं मला नाणं तळहातात असं धरायला शिकवलं, की हात उताणा न करता तो रिकामा वाटावा. नाणं धरून जगा, तो म्हणायचा. दार उघडा, चहा प्या, हात हलवून निरोप द्या, नाणं तिथंच हवं. मी दहा रुपयांचं नाणं हातात लपवून मेथीची जुडी निवडली, एसटीचा दांडा धरला, आजारी मावसबहिणीच्या कपाळावर हात ठेवला. वर्षानुवर्षं पत्रकांच्या घड्या घातलेली बोटं पटकन वळली. अडचणी त्याला माहीत नसलेल्या होत्या. त्याच्या सगळ्या युक्त्या कोटाच्या खिशांवर चालत, आणि माझ्या कुठल्याच कुडत्याला खिसा नव्हता. आईनं शेवटी एक काळं जाकीट आणून त्याला आतून दोन खिसे शिवले. त्याचे पत्ते भुरभुर वाहत; माझे मावळातल्या दमट हवेनं फुगून एकमेकांना चिकटत. मी ते तांदळाच्या डब्यात ठेवू लागले. आईच्या पातेल्यात एकदा बदामची राणी शिजायची राहिली.

एक गोष्ट मला तेव्हाच टोचली. कुठल्याशा तबकडीत तो म्हणतो, टेबलावर सगळ्यात लाजरा माणूस शोधा, तो तुमची युक्ती मोडत नाही. हे सांगताना तो छान हसतो. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं. बुवाही गर्दीत नेमका हाच माणूस शोधतो. फरक इतकाच, की बुवाकडे कोट नसतो.

आणखी एक गोष्ट त्यानं शिकवली, ती मात्र सोन्यासारखी. तो म्हणतो, टाळ्यांवर जाऊ नका, हसण्यावर जाऊ नका. खरी जादू झाली की आधी शांतता होते. पापणी लवेल एवढीच. माणसाच्या डोक्यातलं जग त्या क्षणी थांबतं. ती शांतता ऐकायला शिका.

मी ऐकायला शिकले. त्याची किंमत दुसऱ्या कुणी दिली, ते पुढे येईल.

कुसगावातल्या एका रिसॉर्टला शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या टेबलांवर जादू करणारं कुणीतरी हवं होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्या एकाला वाईट म्हणाल आणि शेजारच्यात खोली घ्याल. छापखान्यात तेव्हा लग्नपत्रिका कमी झाल्या होत्या, लोक मोबाइलवर आमंत्रणं पाठवू लागले होते. मी काम घेतलं. मॅनेजरनं एकच अट घातली, की युक्ती कधी सांगायची नाही. बाबा त्या दिवशी जेवण उरकून उठले. हात धुताना म्हणाले, "कर. पण बंद हाताची सवय लागते, लक्षात ठेव."

पाहुण्यांबद्दल फार लिहीत नाही. एकानं माझं मनगट धरून बाही वर सारली आणि टेबलाला दाखवली. दुसऱ्या एकानं, नाणं कुठं गेलं ते मी सांगू का, म्हणत माझ्या गळ्याकडे बोट केलं आणि त्याच्या बायकोसकट सगळे हसले. करड्या कोटातल्या माणसाच्या तबकड्यांमध्ये यावर उत्तर नव्हतं. मी पत्ते पुन्हा पिसायचे, एवढंच.

तिथं मला मावशी भेटली; सगळे तिला तसंच म्हणत. चेहऱ्यानं काटक, बोलायला तिखट, कुसगावच्या वरच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीची. रिसॉर्टमध्ये चादरी बदलायची, संडास-न्हाणी धुवायची, जेवणाच्या गर्दीत ताटं उचलायची. ती तिथं आधी कामाला लागली आणि मग तिच्या शब्दावर वाडीतल्या बाकीच्या बायका लागल्या. त्यांना न्यायला रिसॉर्टची जीप रोज सकाळी वाडीच्या चढापर्यंत यायची. त्या जीपमागं वाडीतल्या किती चुली होत्या, ते मॅनेजरला माहीत होतं आणि मावशीला त्याहून जास्त. ती कधी सुट्टी घेत नसे. म्हणायची, "म्या एक दिस न्हाई गेले, तर गाडी दुसऱ्याच वाडीला वळायची."

बायकांना साडीवरून घालायला निळा कोट दिलेला होता. त्याला खिसे होते, पण सगळे शिवून बंद केलेले. मी आधी समजले शिंप्याची चूक. मावशी हसली. कोट नवे आले तेव्हा खिसे उघडे होते, मॅनेजरनं गठ्ठा परत पाठवून शिवून आणले. खिसा नसेल तर चोरी नाही, असा त्याचा हिशेब. आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला, जीपमध्ये बसायच्या आधी, बायकांनी फाटकावर रांग लावायची, डब्याची पिशवी उघडायची, पदर झटकायचा. पहारेकरी पिशवीत काठी घालून ढवळायचा. मी जादू करून निघाले की तोच मला, या मॅडम, म्हणून फाटक उघडून द्यायचा. माझ्या जाकिटात तेव्हा नाणी, पत्ते आणि दोन चोरखिसे असत.

संचातली शेवटची तबकडी अशक्य जागांबद्दल आहे. पाहुण्याची अंगठी मागून घ्यायची, रुमालाखाली नाहीशी करायची आणि जिथं ती असणं शक्यच नाही तिथून काढायची. लिंबातून, बंद पावातून आणि शेवटी, वेटरच्या खिशातून. व्हिडिओत वेटर एक जाडजूड गृहस्थ आहे. अंगठी निघाल्यावर तोच सगळ्यात मोठ्यानं हसतो, कमरेत वाकतो आणि टाळ्या त्याला मिळतात.

मी पावातून काढायचे. कुठल्याही टेबलावरून एक पाव उचलायला सांगायचा, तो पाहुण्यानंच फोडायचा, आत अंगठी. ती शांतता यायची. मला ती इतकी आवडायची की घरी जाताना मी ती मनात पुन्हा ऐकायचे.

पण मॅनेजरनंही कुठंतरी इंटरनेटवर तो वेटरचा खिसा पाहिला. मला बोलावून म्हणाला, पावाचं पुरे झालं, हे कर, मावशीच्या खिशातून काढ. मी म्हटलं, तिचे खिसे तुम्हीच शिवलेत. त्यानं कात्री मागवली आणि माझ्यासमोर मावशीच्या कोटाचा उजवा खिसा उसवला. सगळ्या निळ्या कोटांतला तो एकच उघडा खिसा.

मावशीला गंमत वाटली, हे खरं सांगायला हवं. तिनं खिशात हात घालून पाहिला, बाहेर काढला, पुन्हा घातला. त्यात मिश्रीची पुडी ठेवली. मला म्हणाली, "आता माजा खिसा म्हंजी तुजी ट्रंक. काय टाकशील ते टाक, फकस्त साप नगं."

त्या रविवारी मी ते पहिल्यांदा केलं. पुण्याचं एक मोठं कुटुंब जेवत होतं. एका काकांची अंगठी घेतली, रुमालाखाली घालवली. मावशी ताटं उचलायला वाकली तेव्हा ती तिच्या खिशात सोडली. तिला कळलंही नाही. मग मी अंगठी पावात शोधली, काकांच्या चष्म्याच्या घरात शोधली आणि हताश झाल्याचं नाटक करून म्हटलं, मावशी, तुमच्या खिशात बघता का? तिनं हात घातला आणि अंगठी निघाली.

शांतता झाली नाही.

सगळे लगेच हसले. खूप हसले, पावाच्या वेळी हसायचे त्याहून जास्त. काका टेबलावर थाप मारून म्हणाले, "घ्या, मुद्देमाल मिळाला." मावशीही हसली, कारण सगळे हसत होते. मी अंगठी परत देताना कान देऊन उभी होते. काही नाही. कुणाच्याही डोक्यातलं जग थांबलं नव्हतं. पावात अंगठी असणं त्यांना अशक्य वाटत होतं. ठाकरवाडीच्या बाईच्या खिशात दुसऱ्याची अंगठी असणं अशक्य वाटत नव्हतं. मग जादू कसली? त्यांना फक्त त्यांचंच म्हणणं सिद्ध करून दाखवलं जात होतं, तेही जेवता जेवता.

मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, हे बंद करते. खिशातूनच काढायची तर तुमच्या कोटाच्या खिशातून काढते, लोक चकित होतील. तो हसला नाही, समजावणीच्या सुरात म्हणाला, "माझ्या खिशात सापडली तर कोण हसेल?"

मी अडून बसले. त्यानं ते मावशीवर टाकलं. तिला विचारलं, तुला काय त्रास होतो का गं? मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या जीपकडे पाहिलं आणि म्हणाली, काय बी न्हाई. नंतर मला कोपऱ्यात ओढून दटावलं, की तू भांडायला मोकळी हायस, तुजा बाप छापखानंवाला हाय, आमची गाडी घालवू नगं.

म्हणून तो खेळ चालू राहिला. अंगठी काढून झाली की मी तिच्या खिशात गुपचूप चिक्कीचा एक तुकडा सोडायचे, तेवढाच तिला खाऊ. फाटकावर पहारेकरी तिला रोज विचारायला लागला, "काय मावशी, आज काय घावलं खिशात?" ती म्हणायची, "तुजं डोस्कं घावलं. रिकामंच हुतं, टाकून दिलं." रांगेतल्या बायका हसायच्या आणि तो काठी पिशवीत जरा जोरात फिरवायचा.

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती, लोक खोल्या सोडत होते. पोर्चमध्ये गाड्या लागल्या होत्या. त्या दिवशी मी ज्यांच्या टेबलावर अंगठीचा खेळ केला ते कुटुंब केव्हाच गेलं होतं. शेजारच्या टेबलावरून तो पाहिलेली एक बाई बॅगा गाडीत ठेवताना थांबली. तिचं बोट रिकामं होतं. सुशिक्षित, नीटनेटकी, आपल्यासारखं मराठी बोलणारी. ओरडली वगैरे नाही. मॅनेजरला म्हणाली, माझी अंगठी दिसत नाहीये, खोली बघून घ्याल का? खोली बघितली, मिळाली नाही. मग ती किंचित हसत म्हणाली, "त्या मावशींचा खिसा बघा ना. सगळ्यांच्या अंगठ्या तिथंच जातात."

नवरा हसला. मॅनेजर हसला. आणि हसता हसताच त्यानं मावशीला हाक मारली.

मावशी ओल्या हातानं आली. त्यानं तिला विचारलं नाही, तिच्या खिशात स्वतःचा हात घातला. खिसा उलटा करून बाहेर काढला. तो जिभेसारखा लोंबत राहिला. मिश्रीची पुडी पडली आणि कागदात गुंडाळलेला चिक्कीचा एक तुकडा. अंगठी नव्हती. पण चिक्की होती. बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आम्हीपण चिक्की घेतली होती ना, ती म्हणाली. मी पुढे होऊन सांगितलं, की चिक्की मी दिली, माझ्या खेळातली आहे. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅनेजर मावशीला म्हणाला, "अंगठी कुठं ठेवलीस, सांग. आत्ता सांगितलंस तर गाडी बंद होणार नाही."

हे त्यानं सगळ्या बायकांसमोर म्हटलं. त्या जिन्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांच्या चुली मावशीच्या तोंडातून काय निघतं त्यावर होत्या, आणि सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं. ती म्हणाली, "म्या कुटं ठिवू? मला खिसा कुणी दिला?"

मी जे केलं ते मला लहानपणापासून शिकवलं होतं. मी हात उघडला. मॅनेजरची अट मोडून, त्या पोर्चमध्ये सगळ्यांसमोर, दहा रुपयांचं नाणं घेऊन सगळी युक्ती सावकाश दाखवली. अंगठी रुमालाखाली कधीच नसते. ती इथं असते, माझ्या तळहातात. मावशी वाकते तेव्हा मी ती अशी तिच्या खिशात सोडते. तिचा हात कुठंच येत नाही. तिनं आजवर कुणाचीच अंगठी उचललेली नाही, प्रत्येक वेळी ठेवणारी मी आहे. मी दोनदा दाखवलं. माझा आवाज बाबांसारखा झाला होता, पटांगणात व्हायचा तसा. मला वाटलं, झालं. आता कुणी भक्त उरणार नाही.

आणि तेव्हा ती शांतता आली. अस्सल, पापणी लवेल एवढी. करड्या कोटातल्या माणसानं सांगितली होती तशीच.

मग बाईचा नवरा म्हणाला, "म्हणजे दोघींचं ठरलेलं असतं तर."

बाबांच्या पत्रकांत या वाक्यावर उत्तर नाही. राखेची गोळी दाखवली की बुवा उघडा पडतो, कारण लोकांना बुवाचा संशय घ्यायचा नसतो आणि आपण तो घ्यायला लावतो. इथं संशय आधीच खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला फक्त कृती लिहून दिली. याआधी त्यांना एवढंच वाटत होतं, की मावशी घेत असेल. कशी घेते, ते आता मी शिकवलं होतं.

बायकांना एकेक करून आतल्या खोलीत नेलं. काय काय तपासलं ते लिहिणार नाही, त्यांनी लिहू नकोस म्हणून सांगितलंय. माझं जाकीट वरवर चाचपून परत दिलं. चोरखिसे कुणालाच सापडले नाहीत. मी स्वतःच ते बाहेर ओढून दाखवले, तर मॅनेजर म्हणाला, मॅडम, तुम्ही राहू द्या. काही मिळालं नाही. ती बाई आणि तिचा नवरा आपला नंबर देऊन निघून गेले.

फाटकावर रांग लागायच्या सुमाराला फोन आला. अंगठी मिळाली होती. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत गुंडाळली गेली होती, त्यांच्याच पिशवीत. मॅनेजरनं फोन ठेवला, मिळाली म्हणाला आणि चहाचा कप उचलला. मी म्हटलं, त्यांना परत फोन लावा, मावशीशी बोलू द्या. तो खरोखर गोंधळला. म्हणाला, त्यांनी कळवलं हेच खूप झालं, लोक तेवढंही करत नाहीत. मग मावशीचं काय? "नाव झालं की झालं," तो म्हणाला. "उद्या दुसऱ्या कुणाचं काही हरवलं, तर सगळे हिच्याकडेच बघतील. धंदा करायचाय मला."

मावशीनं कोट काढून घडी घालून टेबलावर ठेवला. खिसा अजून बाहेरच होता. तिनं तो आत सारला, हातानं सपाट केला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्यानं त्या दिवशीही तिची पिशवी ढवळली.

दुसऱ्या दिवशी जीप वाडीच्या चढाला आली नाही. ती आता दुसऱ्या वाडीला जाते. मला मात्र काढलं नाही. मॅनेजरचा निरोप आला, की पावाचाच खेळ कर, झालं ते विसर. मी गेले नाही. यात शौर्य काही नाही. माझ्या घरी छापखाना आहे, हे मावशी आधीच म्हणाली होती.

मी पत्रक लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात जळजळीत. बाबांनी स्वतः त्याची अक्षरं जुळवली, रात्र व्हायच्या आत छापूनही झालं. दोघांनी घड्या घातल्या. वाटायच्या आधी मावशीला दाखवावं म्हणून मी थप्पी घेऊन वाडीवर चढले. ती कुणाच्या तरी खाचरावर मजुरीला गेली होती. वाट बघत बसले तेव्हा शेजारची एक बाई, जी तिच्यासोबतच रिसॉर्टला यायची, माझ्यासमोरून हंडा घेऊन गेली आणि न थांबता म्हणाली, "आली का जादूवाली. आता आमचं काय घालवायला आलीस?"

मावशी आली, पाय धुतले, ओसरीवर बसली. मी पत्रक वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, हे कुटं वाटनार? मी म्हटलं, लोणावळ्यात, कुसगावात, वडगावच्या बाजारात, सगळीकडे.

"म्हंजी ज्यांना ठावं न्हाई, त्यास्नी बी कळंल," ती म्हणाली, "की आमक्या वाडीच्या बाईच्या खिशात अंगठी हुडकली."

मी म्हटलं, पण त्यात लिहिलंय की नव्हती.

"व्हय. तू त्या दिशी पोर्चमंदी बी सांगितलंस की. कुणाला ऐकू गेलं?"

तिनं थप्पी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि चुलीशेजारी ठेवली. जाळायला का, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "छापायचं तर माजं काय छापू नगं. त्यास्नी सांग, संध्याकाळी फाटकावर तुमी बी आमच्या रांगेत या, पिशवी उघडा. त्यांची ढवळली ना काठीनं, की मंग माजं समदं कळंल. बोलावं लागायचं न्हाई."

म्हणून इथं कुणाचं नाव नाही. रिसॉर्टचं नाही, वाडीचं नाही, तिचं नाही, माझंही नाही. तबकड्यांचं खोकं मी टायपिस्ट काकांच्या कोपऱ्यात ठेवून आले आहे. नाणं मात्र अजून हातात बसतं. ते विसरता येत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते तिचं आहे. तुम्ही लोणावळ्याला येणारच. कुसगावात, वलवणला, कुठंतरी खोली घेणारच. तिथून निघाल तेव्हा दुपारची घाई करू नका, संध्याकाळपर्यंत थांबा. फाटकावर निळ्या किंवा दुसऱ्या कुठल्या रंगाच्या कोटांतल्या बायकांची रांग दिसेल. पहिल्या परिच्छेदाच्या वेळी जो चेहरा तुमच्या मनात आला होता, तो बहुतेक तिथंच असेल. गाडीतून उतरा. त्या रांगेच्या शेवटी उभे राहा. तुमचा नंबर आला की पर्स, बॅग, ओल्या कपड्यांची पिशवी, सगळं पहारेकऱ्यापुढे उघडा. तो म्हणेल, साहेब, मॅडम, तुम्ही राहू द्या. राहू देऊ नका. काठी आत घाल म्हणावं, आणि तो ती घालेपर्यंत तिथून हलू नका.